तेल पाजलेलं होल्स्टर

आबा,

गेल्या महिन्यात एका माणसाच्या मांडीतून गोळी आरपार गेली. पिस्तूल त्याचं, गोळी त्याची, मांडीही त्याचीच. पण ते पिस्तूल ज्यात होतं ते होल्स्टर मी शिवलेलं होतं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं दहा महिने झाले. एवढ्या काळात तुमच्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलेलं नाही, आणि आजही फार वाटतंय अशातला भाग नाही. पण या प्रकरणात तुमचा हात आहे, आणि ज्याचा हात आहे त्याच्या कानावर घातलं पाहिजे, एवढ्यासाठीच लिहायला बसलोय.

आधी होल्स्टर म्हणजे काय ते सांगतो, कारण तुम्ही शेवटपर्यंत त्याला 'बंदुकीची पिशवी' म्हणत राहिलात. गिऱ्हाईकं 'कव्हर' म्हणतात. कव्हर गादीला असतं, मोबाइलला असतं. माझ्याकडे येणारं पिस्तूल परवान्याचं, बहुतेक वेळा बत्तीस बोअरचं. त्याच्या नळीच्या मागच्या टोकाला जी जागा असते तिला चेंबर म्हणतात. गोळी सुटते ती तिथून. खालचं मॅगझिन भरलेलं असलं तरी चेंबर रिकामं असेल, तर वरची स्लाइड मागे ओढून सोडल्याशिवाय ते पिस्तूल म्हणजे लोखंडाचा एक ठोकळा. पण चेंबरमध्ये गोळी चढवून, घोडा मागे ठेवून कमरेला लावलं, की माणसाच्या आणि त्या आवाजाच्या मध्ये दोनच गोष्टी उरतात. एक ती नखाएवढी सेफ्टी. दुसरं, चापाला कशाचाही स्पर्श होऊ न देणारं होल्स्टर. सेफ्टी माणसाच्या अंगठ्याच्या भरवशावर असते, आणि माणसाच्या अंगठ्यावर माझा विश्वास नाही. कारण ज्यांचे अंगठे असतात ती माणसं मी रोज बघतो.

क्रशरवाले, प्लॉटवाले, पेट्रोलपंपवाले. कमरेला पिस्तूल लागलं की यांची चाल बदलते, हात अंगापासून लांब राहायला लागतात, जसं काही काखेत गळवं झालीत. या जिल्ह्यात चेंबर भरून फिरावं असा जिवाचा धोका नक्की कुणाला आहे, हे वीस वर्षं या धंद्यात काढून मला कळलेलं नाही. यांचे वैरी दोनच, सख्खा चुलतभाऊ आणि रक्तातली साखर. पहिल्याला कोर्टात गाठायचं असतं, दुसरीला ताटात. तरी मोबाइलवर कुठल्यातरी परदेशातल्या टकल्या माणसाला बघून येतात आणि मला सांगतात, स्लाइड ओढण्यात जो वेळ जातो त्यात माणूस मरतो. मी विचारतो, "तुमचं चेंबर कसं असतं?" "रिकामंच की!" सगळे हेच म्हणतात. सगळे खोटं बोलतात. मी तोंडावर काही बोलत नाही. शिवताना मात्र चेंबर भरलेलं आहे असंच धरून शिवतो.

हे मला कुणी शिकवलं नाही, आबा. तुम्ही तर नाहीच. उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर अकरा वर्षं काढली तिथे मिलिमीटरचा दहावा भाग बोटाला कळायला लागला, तो माझा मी शिकलो. पिस्तुलाचं माप व्हर्नियरनं घ्यायचं, मालकाला समोर बसवून. मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढायची, चेंबरमध्ये आधी डोळ्यानं बघायचं, मग करंगळी घालून बघायचं, आणि मगच मोजायला घ्यायचं. माप झालं की पिस्तूल परत त्याच्या हातात. मग सागवानाचा हुबेहूब तसाच ठोकळा कोरायचा. बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचे दोन थर कोमट पाण्यात भिजवून त्या ठोकळ्यावर चढवायचे, हाडाच्या पट्टीनं दाबून दाबून प्रत्येक कड उठवायची आणि दोन दिवस सावलीत वाळवायचं. वाळलं की टिचकी मारून बघायचं. लाकडासारखा आवाज आला पाहिजे. तोंडाशी एक पट्टी जास्तीची शिवायची, म्हणजे पिस्तूल बाहेर असतानाही तोंड उघडं राहतं. यातच सगळं आलं. तोंड मिटलं आणि पिस्तूल आत घालताना कातड्याची कड दुमडून चापाभोवतीच्या कडीत शिरली, तर ती कड बोटाचं काम करते. चापाला बोट आणि कातडं यातला फरक कळत नाही.

मनासारखं पहिलं होल्स्टर झालं ते तुम्हाला दाखवायची चूक मी केली. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होता. आईनं गॅसवर लोखंडी पळीत एरंडेल कोमट करत ठेवलेलं, तुम्ही शिवलेल्या चपलांसाठी. त्या वासात माझं सगळं बालपण गेलं आणि भाकरीलाही तो वास यायचा. तुम्ही डाव्या हातानं ते होल्स्टर घेतलंत, उलटंपालटं केलंत आणि हसायला लागलात.

"पिस्तुलाला पायताण शिवलंस व्हय रं? मग ह्याचा अंगठा कुठाय?"

खोकला येईपर्यंत हसलात. आई पण हसली. मग अंगठ्यानं त्याचं तोंड दाबून बघितलंत आणि म्हणालात, "लई कडक झालंय. तेल पाज."

"हे पायताण नाही."

"कातडं ते कातडंच की. त्याला काय कळतंय, पायात चाललोय का कमरंला?"

मी ते तुमच्या हातातून काढून घेतलं. एवढंच आपलं या विषयावरचं बोलणं. एकोणीस वर्षं झाली असतील. तुम्हाला वाटलं मी रुसलो. मी रुसलो नव्हतो. चव्वेचाळीस वर्षं एकच वस्तू एकाच पद्धतीनं बनवणारा माणूस, ज्याला कुणी दुसरी वस्तू दाखवली तर त्यात आपलीच वस्तू दिसते, त्याच्यापाशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

आता गेल्या महिन्याचं. मंगळवारी सकाळी दुकान उघडतोय तोवर मेहुणा आला. म्हणजे ज्याला गोळी लागली, गारगोटी रोडला ज्याचा खडीक्रशर आहे, त्याच्या बायकोचा भाऊ. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात माझं होल्स्टर. पिस्तूल पोलिसांनी नेलेलं. होल्स्टरबद्दल कुणी विचारलंही नव्हतं. खालचं टोक जळून काळं पडलं होतं.

"मास्तर, तुमचं कव्हर फुसकं निघालं."

"होल्स्टर."

"तेच वो. दाजी दवाखान्यात हाईत. हाड वाचलं म्हून बरं, न्हाईतर पाय काढायची पाळी हुती."

मी त्याला बसवलं आणि पहिल्यापासून सांग म्हणालो. काहीही न गाळता. ते धाब्यावर जेवायला गेले होते. पंगतीत कुणीतरी म्हणालं, दाखवा की राव. दाजींनी काढलं.

"मॅगझिन काढून हातात दिलं सगळ्यांच्या. बघितलं. परत घातलं आनि चढवलं..."

"चढवलं म्हणजे?"

"म्हंजे स्लाइड वढली वो. आवाज आल्याबगर मजा न्हाई म्हनली सगळी."

आबा, हे वाक्य मी दोनदा बोलायला लावलं. या माणसाच्या चेंबरमध्ये गोळी गेली ती वैऱ्यासाठी नव्हे, तांबड्या रश्शाबरोबर आवाज ऐकायला पाहिजे होता म्हणून.

"मग सेफ्टी?"

"ते काय ध्यानात न्हाई."

"आत घालताना बघितलं का?"

"बघतंय कोन? गाडीत बसता बसता सारलं आत. सारलं आनि ढप्प झालं. आमाला वाटलं टायर गेला."

सेफ्टी उघडी. नजर दुसरीकडे. बसता बसता, घाईत, जोर लावून. मी मनात मोजत होतो आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. सगळं त्यांचंच निघत होतं. मग मी ते पिशवीतून काढून हातात घेतलं आणि माझी बोटं त्यात रुतली. लाकडासारखं वाजणारं माझं कातडं एखाद्या म्हाताऱ्या म्हशीच्या कानासारखं लोंबत होतं. वास तर ओळखीचाच होता.

"तेल कुणी लावलं?"

"आईनं की. दाजींच्या आईनं. नवं हुतं तवा करकर वाजायचं न्हवं, दाजी उठलं-बसलं की. म्हातारी म्हनली, नव्या कातड्याला तेल पाजलं न्हाईसा व्हय रं, येडं का खुळं? घेतलं आनि आठ दिस उन्हात ठिवून ठिवून एरंडेल पाजलं. आक्षी लोण्यागत करून टाकलं." त्याच्या आवाजात कौतुक होतं. मग म्हणाला, "तुमच्याच दुकानातल्या म्हाताऱ्यानं सांगिटलं हुतं म्हनं तिला. तिच्या लग्नातलं पायताण घेतलं तवा. पयलं आठ दिस, म्हून. अजून पाठ हाय तिला."

मी फळीवरून त्या मापाचा लाकडी ठोकळा काढला आणि त्याच्यासमोर हळूहळू आत सारला. तोंडाची कड दुमडली, आत गेली, चापाच्या कडीत जाऊन बसली. पुन्हा केलं. पुन्हा तशीच बसली. तिसऱ्यांदा त्याला करायला लावलं.

"आयला," तो म्हणाला. कड बाहेर ओढत म्हणाला, "मग हे आदी का न्हाई सांगितलं मास्तर? दाजी म्हनत्यात, कव्हर देताना तुमी चार शब्द बोलला न्हाईसा. पानपट्टीवाला बी जास्त बोलतोय."

त्याला मी वाटेला लावलं. उत्तर मला माहीत होतं आणि ते तुम्ही होता.

तुम्ही गिऱ्हाइकाच्या मागे जायचात, आबा. चप्पल कागदात बांधून हातात दिली की तुमचं काम संपायला पाहिजे होतं. पण तुम्ही उठायचात, धोतराला हात पुसत पायरी उतरायचात आणि रस्त्यापर्यंत मागे मागे. "पावणं, तेल पाजा हं. पयलं आठ दिस. पावसात घालू नगा. करकर वाजली तर घाबरू नगा, तेल पाजा." त्यांनी हो म्हटलं तरी पुन्हा. सायकलवर बसलेल्याला पुन्हा, रिक्षात बसलेल्याला पुन्हा. एकदा मी, तेव्हा बावीस वर्षांचा, कारखान्यातून पहिल्या पाळीचा सुटून दुकानाशी आलेलो. एक मोठी गाडी थांबली होती. आत कुणीतरी प्रोफेसर, बाई शेजारी. तुम्ही खिडकीशी वाकून सांगताय, पयलं आठ दिस. त्यानं तुमच्याकडे न बघता काच वर घ्यायला सुरुवात केली. काच तुमच्या तोंडासमोरून वर चालली आहे आणि तुम्ही थांबत नाही. काच मिटली. राहिलेलं वाक्य तुम्ही काचेला सांगितलंत, पूर्ण. गाडी गेली. तुम्ही वळून मला बघितलंत आणि म्हणालात, "ऐकलं आसंल त्यानी."

त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या हातून जी वस्तू जाईल तिच्यामागे मी एक पाऊल टाकणार नाही. चांगली वस्तू असेल तर तीच बोलेल. ज्याला ती ऐकू येत नाही त्यानं घेऊ नये. पोट भरतं ते पट्ट्या-पाकिटांवर, होल्स्टरं आजवर मी बावीसच शिवून दिली आणि देताना पट्टा कुठून ओवायचा एवढंच सांगितलं. आता हिशेब बघा. मी काही बोललो नाही, तर ती जागा रिकामी राहायला पाहिजे होती की नाही? ती रिकामी राहिली नाही. तुमचं वाक्य तिथे चाळीस वर्षं बसून होतं. एका म्हातारीच्या लग्नापासून.

म्हणजे त्या माणसाच्या मांडीतून गोळी गेली ती तुमच्या बडबडीनं. असं मी चार दिवस स्वतःला सांगितलं आणि ते सांगणं गोड लागलं.

पण मापांची वही समोर होती. कोणतं पिस्तूल, पट्ट्याची रुंदी, डावखुरा की उजवा, फोन नंबर. बावीस नावं. एक दवाखान्यात. राहिलेले एकवीस याच जिल्ह्यातले, याच पाण्यावर वाढलेले, आणि प्रत्येकाच्या घरात कुणीतरी आई, चुलती, सासू असणार जिला नव्या कातड्याची करकर ऐकवत नाही. त्यातल्या कुणाचं कातडं मऊ पडलंय आणि कुणाचं नाही, हे मला इथे बसून कळण्याचा मार्ग नव्हता. त्यांना मात्र रोज ते कमरेतून काढायचं होतं आणि परत घालायचं होतं. दर वेळेला.

पहिला फोन पेट्रोलपंपवाल्याला केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं: होल्स्टरला तेल लावलं असेल तर वापरू नका, हे मी देतानाच सांगायला पाहिजे होतं, माझी चूक झाली. तीन वाक्यं. त्यानं फोन उचलला आणि विचारलं, "का वो मास्तर, काय झालं?" माझ्या तोंडातून निघालं, "आमच्या वडिलांच्या वेळचं थोडं कातडं शिल्लक होतं, तुमचं त्यातलं आहे. त्यात खोट निघालीय. आणून द्या, नवीन करून देतो."

"आसंल, आसंल," तो म्हणाला. "जुन्या मान्सांचं काय, चालायचंच. धाडतो उद्या."

किती सोपं गेलं, आबा. त्याला राग नाही, मला खाली मान नाही. कागद मी फाडून टाकला. दुसऱ्याला तेच सांगितलं, तिसऱ्यालाही. पाचव्या-सहाव्यापर्यंत माझी त्यात भर पडायला लागली होती: शेवटी शेवटी वडिलांना कातडं पारखता येत नव्हतं, नजर गेली होती, हट्टी होते. एक प्लॉटवाला तर मलाच धीर देत होता, "बापाचं निस्तरावं लागतंयच की हो पोराला." मी म्हणालो, हो, लागतंय. आठवड्याभरात वीस होल्स्टरं परत आली. त्यातल्या अकरांना तेल पाजलेलं होतं. एकाला खोबरेल, एकाला चक्क गाडीचं ऑइल. त्यांची तोंडं मी एकामागून एक दाबून बघितली आणि सगळी रापीच्या पात्यानं उभी चिरून टाकली.

एकविसावा आला नाही. गगनबावड्याला घाटाच्या तोंडाशी त्याचं लॉज आहे. साठी उलटलेला माणूस. फोनवर माझं वाक्य त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"तुमच्या वडलांचं कातडं हाय ह्ये?"

"हो. त्यात खोट..."

"मग देत न्हाई."

"अहो, खोट आहे त्यात."

"त्यांच्या कातड्यात खोट? पावणं, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? त्यांचं पायताण सोळा वर्सं वापरलंय मी. हितल्या पावसात. हितं छपराचा पत्रा गळाय लागतोय तिसऱ्या वर्सी. बरं झालं सांगितलासा, मला म्हाईतच नव्हतं. आता तर ठिवून देतो जपून."

"तेल लावता का त्याला?"

"लावतो म्हंजे? दर आमुशाला. न्हाईतर बुरशी धरतीय. त्यांनीच सांगितल्यालं."

"आणि चेंबर?"

"भरल्यालं असतंय."

बावीस जणांत हे सरळ सांगणारा तो एकटा. मी फोन ठेवला. वीस जणांकडून ज्या थापेनं होल्स्टर काढून घेतलं, तिनंच या माणसाच्या कमरेला ते बांधून टाकलं होतं. त्याला तुमच्या नावावर एवढा विश्वास होता. मला त्याचा राग आला. बावीस जणांतला हा एकच प्रामाणिक, आणि नेमका हाच असा खुळा. दोनदा पुन्हा फोन केला, वेगळ्या थापा मारून बघितल्या. बकल बदलायचंय म्हणालो. "बकल झ्याक हाय," म्हणाला. तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत तो जीपमध्ये किती वेळा चढला-उतरला असेल हे मी मोजत होतो, आणि तरी गेलो नाही, कारण जाऊन काय बोलावं लागणार हे मला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी लाकडी ठोकळा पिशवीत घालून मोटरसायकलनं गेलो. कळे गाव सोडल्यापासून पाऊस, वर धुकं. तो लॉजच्या दारातच बसला होता. मला बघून खूश झाला, चहा सांगितला आणि लगेच हात कमरेकडे नेला, "बघा की, कसं झालंय." मी ओरडलो. बाहेर काढू नका म्हणालो. पट्टाच सोडा, होल्स्टरसकट. त्यानं सोडला. आम्ही मागच्या बाजूला गेलो, जिथे तांबडी दरड आहे. नळीचं तोंड दरडीकडे धरायला लावलं, मग हळूच बाहेर काढायला लावलं. मॅगझिन काढलं. स्लाइड ओढली, आणि चेंबरमधली गोळी उडून चिखलात पडली. सेफ्टीही उघडीच होती. कातड्याच्या मऊपणात ती कधी खाली घसरली होती, त्याचं त्याला कळलं नव्हतं. मी डोळ्यानं बघितलं, करंगळी घालून बघितलं. मग लाकडी ठोकळा काढला आणि जे मेहुण्याला दाखवलं ते दाखवलं. कड दुमडते कशी, बसते कुठे.

त्यानं दुमडलेली कड अंगठ्यानं चाचपून बघितली. शहाणा माणूस, दोनदा दाखवावं लागलं नाही. म्हणाला, "म्हंजे कातडं त्यांचं चांगलंच हुतं. तेलानं घात केला."

इथेही सुटता आलं असतं. मान हलवली असती तर झालं असतं.

"कातडं त्यांचं नाही," मी म्हणालो. "बाजारातून मी आणलं, मी शिवलं. तेल लावायचं नाही हे सांगणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. वडिलांनी ह्याला हातसुद्धा लावलेला नाही."

"मग फोनवर त्यांचं नाव का घेतलंसा?"

मी वाकून चिखलातली गोळी उचलली.

"मेल्याल्या मान्साचं?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मी ठोकळा पिशवीत घालण्यात जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढला. त्यानं होल्स्टर उचललं, दोन बोटांनी, आणि माझ्यापुढे धरलं. "न्या. तुमचं हाय म्हनल्यावर मला कशाला पायजे?" आतून चहा आला होता. तो घ्या असं म्हणाला नाही, घेऊ नका असंही म्हणाला नाही.

त्याला नवीन करून पाठवलं आहे. त्यानं पोच दिली नाही. परवा एक नवा माणूस आला, त्याला होल्स्टर देताना मी सांगितलं: तेल लावायचं नाही, आत घालताना बघायचं, बोट चापाबाहेर सरळ, तोंड मऊ पडलं तर घेऊन यायचं. एकदाच सांगितलं, दुकानात बसूनच. तो पायरी उतरून गेला तेव्हा मी उठलो नाही. तेवढं माझ्याच्यानं होणार नाही, आबा, आणि तुम्ही ते कसं करत होता ते मला अजूनही कळत नाही.

हे कुठं धाडायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहायला हरकत नाही. गगनबावड्याचा एक सोडला तर राहिलेल्या वीस जणांना अजून वाटतंय की खोट तुमच्या कातड्यात होती. त्यातले दोघं नवीन होल्स्टर न्यायला आले तेव्हा माझ्यासमोर तसं बोलले, आणि मी हो म्हणालो. वीस फोन म्हणजे एका संध्याकाळचं काम. वही उशाशीच असते. अजून एकही लावलेला नाही.